हिरवी कुठली?

पेन्सिल उरली होती जेमतेम करंगळीएवढी. मागच्या टोकाला दातांचे ठसे, एक अंग तासून चपटं केलेलं, कानावरून घरंगळू नये म्हणून — आणि आज ती कानावर नव्हतीच, गल्ल्याशेजारी तांब्याच्या तारेच्या रिळावर पडून होती. मीनल सकाळपासून तिच्याकडे बघत होती. सत्तावीस वर्षांत कैलास चष्मा विसरला होता, डबा विसरला होता, एकदा तर पोरीला शाळेतून आणायचं विसरला होता. पण पेन्सिल विसरून कामाला गेला नव्हता. कसल्या तंद्रीत असतो हल्ली... कसल्या म्हणजे काय? मला ठाऊक आहे कसल्या.

तिच्या मांडीवर पंख्याची कॉइल होती. अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनपासून आत वळलं की हे दुकान, दुकानामागे दोन खोल्यांचं घर. वायरिंगच्या कामांना कैलास बाहेर जायचा आणि मीनल इथे बसून जळलेले पंखे, मिक्सर नव्या तारेने भरून द्यायची. बोटांना वेढे मोजायची सवय झाली होती, डोकं मोकळं राहायचं. आणि मोकळ्या डोक्यासारखी वाईट गोष्ट नाही. वेढे मोजता मोजता ती गेला महिनाभर दुसरंच काही मोजत होती. पाच जानेवारी. बारा. एकोणीस. सत्तावीस. बुवापाड्याच्या चार फेऱ्या, एकाच घरी, एकाच फॉल्टसाठी.

फोन वाजला तेव्हा तिला नंबर बघायचीही गरज वाटली नाही.

"वहिनी, मी सोनिया बोलते, बुवापाड्यातून. दादांचा फोन लागत नाय ओ. परत पडला ब्रेकर. इस्त्री लावली की धाडकन. लग्नाचे सहा ब्लाउज द्यायचेत मला संध्याकाळपर्यंत..."

दादांचा फोन लागत नाय. म्हणजे आधी त्याला लावला, तो बदलापूरला शिरगावात नव्या बिल्डिंगच्या कामावर, तिथे रेंज नाही, मग नाइलाजाने दुकानाला. पाटीवर तर दुकानाचाच नंबर आहे, बाई. त्याचा स्वतःचा तुला कोणी दिला? ...अर्थात त्यानेच दिला असणार, आणि गिऱ्हाइकाला नंबर द्यायचा नाही तर कोणाला द्यायचा, हेही मीनलला कळत होतं. कळणं आणि पटणं यांची गाठ काही पडत नव्हती.

सोनियाला तिने दोनदा पाहिलं होतं. चाळिशीची, अंगाने सडसडीत. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, घरीच शिवणकाम करते. डिसेंबरअखेर तिच्या स्वयंपाकघरातला प्लग जळला म्हणून कैलास गेला. प्लग बदलला आणि जुन्या चिनीमातीच्या फ्यूजच्या जागी नवा ब्रेकर बसवला — करंट कुठे भलतीकडे गळला तर आपोआप पडणारा, माणूस वाचवणारा. त्याच दिवसापासून तो ब्रेकर पडायला लागला. आणि कैलास, जो जळकी वायर नाकाने शोधतो, ज्याला उल्हासनगरच्या कॅम्पातले सिंधी दुकानदार स्वतःच्या घरचा बिघाड दाखवायला बोलावतात, तो चार वेळा जाऊन हात हलवत परत आला. "सापडत नाही गं, चकवा आहे तो." चकवा! ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं.

"येते मी," मीनल म्हणाली.

"तुम्ही?"

"हो, मीच."

तिने फोन ठेवला. तिने शटर अर्धं ओढलं. पिशवीत मीटर, पक्कड, टेस्टर, टेप घातला. काम तिला नवं नव्हतं; लग्नानंतरची सात-आठ वर्षं ती त्याच्याबरोबर हिंडली होती. हिशेब सोपा होता. फॉल्ट खरंच अवघड असेल तर नवरा माझा आहे. सोपा असेल, पोरासोरालाही सापडेल असा असेल, तर... तिने पुढचं वाक्य पुरं केलं नाही. पेन्सिल तेवढी उचलली आणि अंबाड्यात खोचली.

रिक्षात बसल्यावर संशयाने आपली पथारी नीट पसरली. पूर्वी घरगुती कामं तो संध्याकाळी करायचा, दिवसा बिल्डिंगची. सोनियाकडे मात्र सकाळी अकराला. तिची लेक कॉलेजात, बाई घरात एकटी, अकरा कसे बरे जमतात! दाढी आतल्या आरशात करायचा, आता आरसा घेऊन गॅलरीत जातो, हनुवटी इकडून वळवून बघतो, तिकडून वळवून बघतो, जणू नवरदेव. आणि संक्रांतीचं हळदीकुंकू... ते तर आठवायचंच नाही असं तिने ठरवलं होतं, म्हणून तेच पहिलं आठवलं. सगळ्या बायका काळ्या साड्या नेसणार म्हणून तिने मुद्दाम गर्द हिरवी नेसली होती. बाटलीचा हिरवा. लेकीने पुण्याहून पाठवलेली. दारात तो समोर आला, क्षणभर थांबला, म्हणाला, "काळी बरी दिसते तुला." काळी! सत्तावीस वर्षांच्या बायकोकडे बघायचं कशाला, सणाला काळी नेसतात एवढं पाठ असलं की झालं. त्या संध्याकाळी तिने वाण लुटताना दोघींना दोनदा तिळगूळ दिला, लक्षच नव्हतं. तिकडे सोनियाच्या साडीचा रंग विचारा म्हणावं. काठासकट सांगेल.

बुवापाड्यात रिक्षा आत जात नाही. ती चालत गेली. घर पत्र्याचं पण नीटस, अंगणात शेवगा, त्याच्या बुंध्याशी अर्थिंगचा पाइप. दारातच सोनिया उभी होती, गळ्यात मापाची पट्टी, केसांना कापसाचा तंतू लागलेला.

"दादा नाय आले?"

"नाही. मी आले."

"बरं झालं ओ. बसा, चहा टाकते. तुम्ही पण बिनसाखरेचा घेता काय?"

पण. त्या एका 'पण'वर मीनल अडकली. त्याची साखर वाढली हे हिला माहीत. असू दे, चहाच्या वेळी सांगावंच लागतं, बिनसाखरेचा टाका म्हणून, त्यात काय... त्यात बरंच काही आहे. "चहा नको," ती म्हणाली. "सगळे प्लग काढा."

काम सुरू झालं आणि मन जरा जागेवर आलं. हातांना कामाची शिस्त असते, ती मनाला उधार देता येते थोडा वेळ. सगळे प्लग काढले, ब्रेकर उचलला, राहिला. दिवे लावले, राहिला. पंखा लावला, राहिला. बाहेरच्या खोलीत इस्त्री लावली आणि खटका खाली. तीच इस्त्री आतल्या खोलीत, खटका खाली. इस्त्री बाजूला ठेवून मिक्सर लावला. खटका खाली. सोनिया प्रत्येक वेळी "आई गं" म्हणत दचकत होती आणि मीनलच्या कानात भलताच आवाज बोलत होता. पंचवीस वर्षांपूर्वीचा, तरुण, चढेल — 'एकावर पडला तर ते यंत्र बघ. सगळ्या जड यंत्रांवर पडतोय तर यंत्रांना सोड, न्यूट्रल, परतीची वायर, कुठेतरी अर्थला, जमिनीत जाणाऱ्या वायरीला, चिकटलीय. जो करंट एका वाटेने परत यायचा तो थोडा दुसऱ्याच वाटेने जमिनीत जातो. ब्रेकरला तेवढं पुरतं.' हे त्यानेच शिकवलेलं. तिला! मग त्याला स्वतःला...?

तिने मेन बंद केला, ब्रेकरमधून घरात जाणारी न्यूट्रल सोडवली, मीटरची एक पिन तिला लावली, दुसरी अर्थला. मीटर टीं करून ओरडला. चिकटलेल्या होत्या दोन्ही. दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

चार फेऱ्या, आणि दहा मिनिटं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिला वाटलं होतं राग येईल. राग नाही आला, ती शांतपणे चालत स्वयंपाकघरात गेली, कारण त्या घरात कैलासने हात लावलेला बोर्ड तेवढा एकच होता.

स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. प्लगचा बोर्ड फ्रिजच्या मागे, भिंतीत खोल. मेन बंद, त्यामुळे काळोख. मीनलने स्क्रू शोधायला बोट फिरवलं तोच मागून पांढराशुभ्र झोत आला, बरोबर स्क्रूवर.

"मी धरते ना बॅटरी," सोनिया म्हणाली. "दादांना पण मीच धरते. ते म्हणतात, तुझा हात लय स्थिर आहे."

मीनल तशीच उभी राहिली. चहाचा विचार केला होता, नंबरचा केला होता, आणखी कसले कसले विचार केले होते जे मनातसुद्धा लुगड्याआड ठेवावे लागतात. हा मात्र सुचलाच नव्हता. बॅटरी माझी आहे. लग्नानंतर पहिल्या महिन्यात, कुठल्याशा बंगल्याच्या माळ्यावर, हा पोटावर सरपटत पुढे आणि मी मागे बॅटरी धरून, उंदीर पळाला म्हणून मी हसत सुटले आणि झोत सगळीकडे नाचायला लागला, तेव्हा म्हणाला होता — मीनल, हात हलवू नको, मला तुझ्याशिवाय दिसत नाही. माझा हात हलायचा. हसू यायचं म्हणून हलायचा. पुढे दुकान झालं, पोर झाली, बॅटरी सुटली. पण ती दुसऱ्या कोणाला दिली आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"सरळ धरा," ती म्हणाली. सोनियाने सरळच धरली होती.

प्लेट निघाली. आत टेपचा एक गोळा होता, नवा, स्वच्छ, आणि त्याचं शेवटचं टोक उलटं दुमडलेलं. ही त्याची खूण. पुढे कोणी उघडलं तर टोक शोधत बसायला नको म्हणून तो टेप असाच संपवतो, अंबरनाथमध्ये दुसरा कोणी असा संपवत नाही. तिने दुमडलेलं टोक चिमटीत धरून ओढलं. टेप सुटला. आत तीन वायरी घट्ट पिळलेल्या, सुबक, अगदी त्याच्या पिळाच्या: दोन काळ्या आणि एक हिरवी. काळी म्हणजे न्यूट्रल. हिरवी म्हणजे अर्थ. त्याच्याच हातांनी एकत्र बांधलेल्या.

जाणूनबुजून. तो शब्द तिला अगदी स्पष्ट ऐकू आला. यावं लागावं म्हणून फॉल्ट करून ठेवला. प्लग बदलला त्याच दिवशी ठरवलं. मी ओळखते त्याचा हात, हा हात चुकत नाही — तिने पीळ सोडवला, मीटर लावला, मीटर गप्प. संपलं. सत्तावीस वर्षं अशी एका पिळात सुटली.

आणि मग तिने, सवयीने, प्लेट उलटी केली.

उघडलेल्या बोर्डाच्या पाठीवर तारीख टाकायची, ही कैलासच्या गुरूची शिकवण. अण्णा म्हणायचे, आपण सही केली की चुकीची लाज दुसऱ्याला नाही, आपल्यालाच वाटते. प्लेटच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. सगळ्यात वर प्लग बदलला ती डिसेंबरची तारीख, त्याखाली ५/१. त्याखाली १२/१. त्याखाली... मीनलने प्लेट झोताजवळ नेली. त्याखाली १९/१ होतं, आणि त्याच्याच अंगावर, बरोबर वरती, २७/१ लिहिलेलं. खाली चार बोटं जागा मोकळी होती. तरी आकड्यांवर आकडे.

चोर तारीख लिहीत नाही, तिला वाटलं. आणि लिहिणारा माणूस लिहिलेल्यावर लिहीत नाही.

तिने पुन्हा वायरींकडे पाहिलं. हिरवी, पण कसली हिरवी. वीस वर्षं फोडणीचा धूर खाऊन, तेलकट, गर्द... बाटलीसारखी. काळी बरी दिसते तुला. बॅटरीच्या पांढऱ्या झोतातही तिला दोन्ही वायरी शेजारी धराव्या लागल्या. गॅलरीतला आरसा. सकाळचे अकरा. मागच्या महिन्यात कॅम्पातल्या दुकानात हिरवा टेप मागून काळा उचलला आणि दुकानदार "क्या सेठ, रंग भूल गए?" म्हणाला, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तीच हसली होती, आणि तो हसला नव्हता. प्रत्येक गोष्ट जागची हलून दुसऱ्याच बाजूला जाऊन बसत होती. चार वेळा हा याच काळोखात वाकला, हाच गोळा हातात घेतला, तीन काळ्या वायरी पाहिल्या, परत बांधल्या, टोक दुमडलं, तारीख टाकली. चकवा आहे गं तो. खोटं बोलत नव्हता.

...की होता? काल तर त्याने रस्त्यापलीकडून प्रमोद रिक्षावाल्याला चेहऱ्याने ओळखून हाक मारली. आणि तारखेवर तारीख पडली ती न दिसल्यामुळे, की लिहिताना नजर बॅटरी धरणारीवर होती म्हणून? हेही होऊ शकतं. कोणीही सांगू शकत नाही. आणि दिसत नसेल, तर ते मला का नाही सांगितलं? हिला सांगितलं?

"दादा काही म्हणाले का हो, डोळ्यांचं वगैरे?" तिने प्लेटकडे बघतच विचारलं.

"नाय बा. का?"

"काही नाही."

तिने टोकं कापून वायरी नव्याने वेगळ्या बांधल्या, काळ्या काळ्यांशी, हिरवी हिरवीच्या जागी. कापलेल्यांतले दोन तुकडे, एक काळा, एक हिरवा, मुठीत राहिले, ते तिने रुमालाच्या टोकाला बांधले. टेपचं टोक दुमडलं. अंबाड्यातून पेन्सिल काढली, प्लेटवर टेकवली, आणि न लिहिता परत खोचली. ब्रेकरची न्यूट्रल परत जोडली, मेन चालू केला. सोनियाने इस्त्री लावली, डोळे मिटून घेतले, उघडले.

"राहिला! वहिनी, राहिला! दादांना चार वेळा नाय जमलं ते तुम्ही..."

"त्यांनीच सांगून पाठवलं होतं कुठे बघायचं ते," मीनल म्हणाली. शब्द बाहेर पडल्यावर तिला कळलं की हे खोटं आहे, आणि ते कोणीही न मागता दिलं आहे. "जुनी वायरिंग आहे तुमची. ओल धरली होती."

परतताना तिने रिक्षा केली नाही. गेला महिना किती सोपा होता. एक बाई होती, एक नवरा होता, मी होते. भांडायचं कोणाशी ते माहीत होतं. बाईला हाकलता येतं, नवऱ्याला चार शिव्या देता येतात, माहेरी जाता येतं. पण हात शाबूत आणि डोळे गेलेला वायरमन... त्याला कुठे घेऊन जायचं? मोतीबिंदू असेल, निघतोही म्हणे. साखरेमुळे असेल तर नाही निघत. हिरवीला काळी समजून उद्या कुठल्या घरात, कोणाच्या लेकराच्या गीझरमध्ये... चालता चालता ती रस्त्यात थांबली, मागून सायकलवाला ओरडला. तिला सोनियाचा हेवा वाटत होता, अजूनही, सकाळपेक्षा जास्त. फक्त त्याची जागा बदलली होती. सोनिया न कळता त्याच्या मदतीला उभी होती. मी सगळं बघत असूनही संशय मोजत बसले होते.

ती घरी पोचली तेव्हा कैलास आला होता. जेवून, दाराशी स्टुलावर बसून सुपारी कातरत होता.

"सोनियाचा फोन आला होता," तो म्हणाला. "चालू झालं म्हणाली."

लागला तर फोन. "हो."

"ओल होती म्हणे?"

"हो."

अडकित्ता थांबला. स्वयंपाकघराची ती भिंत कोरडी ठणठणीत होती, आत नळ नव्हता की मोरी नव्हती, आणि फेब्रुवारी चालू होता. हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्याने तिच्याकडे पाहिलं. निदान तिच्या दिशेने पाहिलं.

"तरी मला वाटलंच होतं," तो श्वास सोडत म्हणाला, आणि परत सुपारी कातरायला लागला.

चोरी सापडली नाही म्हणून सुटलेला श्वास होता तो, की दोष सापडला नाही म्हणून? दोन्ही श्वास सारखेच वाजतात. मीनलने पेन्सिल त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती बोटांनी चाचपून उचलली, कानावर ठेवली. मग तिने रुमालाची गाठ सोडली आणि दोन्ही तुकडे तळहातावर घेतले.

"अहो. यातली हिरवी कुठली?"

"परीक्षा घेतेस काय आता?" तो हसला. पण अडकित्ता खाली ठेवला. तिचं मनगट धरलं आणि तिचा हात अलगद दाराकडे, उजेडाकडे ओढला. वाकला. त्याच्या कपाळाला, दोन भुवयांच्या मध्ये, तिने कधी न पाहिलेली एक आठी होती. तिचा हात हलायला लागला. तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला, स्थिर, हवा तेवढा स्थिर, आणि सकाळपासून ज्या पुराव्याच्या मागे ती धावत होती तो आता हाताच्या अंतरावर असताना तिच्या मनात एवढंच चाललं होतं, देवापुढेही ती कधी इतकी लाचार झाली नव्हती — दिसू दे याला, पटकन दिसू दे, न चाचपता हिरवी उचलू दे, म्हणजे मला कळेल की याने ती जाणूनच बांधली होती. चालेल मला, तेच असू दे, आणि मग जाऊ दे याला बुवापाड्याला आणखी चारदा.